पाऊण इंच

“चौथी मोरी,” असं म्हणून बाबर ओव्हरसियरांनी दार उघडलं, खाली उतरले आणि रस्त्याकडेचा दगड उचलून मागच्या चाकाला लावला. माणूस घरी आल्यावर चपला काढून ठेवतो, तितक्या सवयीनं.

मी बॉनेट उघडलं. वाफेचा असा लोट आला की घटकाभर समोरचा डोंगर दिसेना.

“साहेब, दुसऱ्या गिअरात जरा जास्तच ओढली मी.”

“तुमचं काही चुकलं नाही हणमंतराव. तिला इथंच थांबायचं असतं.”

वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागतो. त्या घाटाचं रुंदीकरण झालं तेव्हा साहेब तरणे ओव्हरसियर होते. रस्त्याखालून पाणी जायला बांधलेल्या सगळ्या मोऱ्या त्यांच्या देखरेखीखाली झालेल्या. त्यामुळं आपण म्हणतो, अमक्या वळणावर किंवा तमक्या वडापाशी. ते म्हणायचे, नवव्या मोरीपाशी, चौदाव्या मोरीच्या अलीकडं. गाडी मात्र चौथ्या मोरीच्या पुढं कधी गेली नव्हती.

ही गोष्ट एकोणऐंशी सालच्या डिसेंबरातली. मी छत्तीस वर्षांचा होतो. बावधन नाक्यावर दोन पत्र्यांखाली माझं गॅरेज. ट्रक, ट्रॅक्टर, कधी जीप. दोन बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलं होतं, आणि ते राहून गेलंय हे सांगणारेही आता थकले होते. साहेबांच्या गाडीला हात लावणारा मी पाचवा मिस्त्री.

गाडी दिसायला मॉरिस मायनर, काळी, गोल पाठीची. पण मॉरिस नुसती वरून. साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एका बागेत कोंबड्या बसायच्या त्या सांगाड्याला घरी आणलं आणि पुढची आठ वर्षं त्याच्यात जीव भरला. इंजिनाचा ब्लॉक सांगलीच्या एका गाडीतला. त्यावरचं हेड पुण्याच्या एका डॉक्टरांच्या मोडीत निघालेल्या गाडीचं. प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर तिसरीचा. इंजिनाबरोबर फिरणारी पुढची पुली जुन्या बाजारात ढिगातून निवडलेली. वाईत तिला सगळे ‘ओव्हरसियरांची मिसळ’ म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं. ते म्हणायचे, “म्हणू दे. मिसळ पोट तरी भरते.”

गंमत अशी की सपाटीवर ती सुरेख चालायची. गणपती आळीतून निघाली की लोक दारात येऊन बघायचे. चढ लागला की तिचा दम जायचा, अंग तापायचं, आणि चौथ्या मोरीपाशी ती बसायची.

इंजिन थंड होईस्तोवर आम्ही कठड्यावर बसलो, मग गाडी वळवली आणि उतारानं वाईत आलो. दारात साहेबांची मुलगी उभी होती.

“चौथी?” तिनं विचारलं.

“चौथी,” साहेब म्हणाले, आणि पाय धुवायला मागं गेले.

मुलगी म्हणजे निकम बाई. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. नाव शालन, पण ते मला तेव्हा मनातसुद्धा घ्यायचं धाडस नव्हतं. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि त्या वडिलांकडं परत आल्या, त्याला नऊ वर्षं झाली होती. मी गेले चार महिने दर रविवारी त्या घरी जात होतो. गाडीच्या चाकाशी बसून काम करायचं, मध्ये बाईंनी चहा आणायचा, आणि चहा संपेपर्यंत तिथंच थांबून काहीबाही विचारायचं. कार्ब्युरेटर म्हणजे काय, क्लच कशाला लागतो. गाडीबद्दल मला इतकं कुणी कधी विचारलं नव्हतं. गिऱ्हाईक विचारतं, कधी होणार. बस.

त्या दिवशी साहेब पाय पुसत बाहेर आले आणि खुर्चीवर बसून म्हणाले, “हणमंतराव, पुढच्या रविवारी मला सत्तर पूर्ण होतात. त्या दिवशी शेवटचं बघू. नाही चढली, तर सोमवारी साताऱ्याचा भंगारवाला येतोय. मी त्याला शब्द दिलाय.”

“आबा!” बाई म्हणाल्या.

“अगं, किती दिवस त्यांना राबवायचं? आणि मलाही किती दिवस त्या मोरीवर बसवायचं?” मग ते माझ्याकडं वळले. “त्या रस्त्यावर मी सहा वर्षं उभा होतो. ऊन, पाऊस. मोठमोठ्या साहेबांच्या गाड्या धुरळा उडवत वर जायच्या. तेव्हा ठरवलं होतं, एकदा आपल्या गाडीतून, आपल्या रस्त्यानं वर जायचं, चहा प्यायचा आणि खाली यायचं. एवढंच. फार मोठं काही नाही.”

त्यांनी ते हसत हसत सांगितलं. त्यामुळं जास्तच लागलं.

मी पाने गोळा करायला लागलो. बाई गाडीपाशी उभ्या होत्या. मग एकदम म्हणाल्या, “मिस्त्री, टायमिंग तुम्ही कशावर लावता?”

टायमिंग म्हणजे काय ते मी त्यांना मागंच सांगितलं होतं. पिस्टन वर येऊन टोक गाठणार, त्याच्या किंचित आधी ठिणगी पडली पाहिजे. उशिरा पडली तर ताकद वाया जाते आणि इंजिन नुसतं तापतं. फार लवकर पडली तर इंजिन आपल्याच पायावर लाथ मारतं. मी वाकून पुलीच्या कडेची बारीक खाच दाखवली.

“ही खाच ब्लॉकवरच्या या काट्यासमोर आली की एक नंबरचा पिस्टन बरोबर टोकाला. त्या हिशेबानं ठिणगी लावायची.”

“ही पुली कुठली, आबा?”

“जुन्या बाजारातली.”

“आणि ब्लॉक?”

“सांगलीचा.”

“मग ही खाच या इंजिनाची कशावरून?”

पाच मिस्त्री झाले. पाचही जणांनी ती खाच पुसून, खडू लावून, डोळे बारीक करून बघितली होती. ती कुणाची, हे एकालाही सुचलं नव्हतं.

खरं सांगायचं तर माझा कान मला काहीतरी सांगत होता. पहिल्याच दिवशी मला वाटलं होतं की हे इंजिन पेंगतंय. पण मी पुण्यात इब्राहिमभाईंच्या हाताखाली काम शिकलो. तिथं पहिल्याच वर्षी, अंगात मस्ती होती तेव्हा, मी एका ट्रकचं टायमिंग खूण न बघता नुसतं कानानं लावलं, आणि खंबाटकीच्या चढाला त्याचा पिस्टन जळाला. इब्राहिमभाई ओरडले नाहीत. तो जळका पिस्टन त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “कान फसवतो बेटा. खूण फसवत नाही.” त्यानंतर सतरा वर्षं मी कानावर विश्वास ठेवला नव्हता.

“शनिवारी माझी शाळा अर्धी असते,” बाई म्हणाल्या. “दुपारी या.”

शनिवारी दोनला मी गेलो तेव्हा बाई पदर खोचून तयार होत्या. हातात स्वेटर विणायची लांब सुई, शिवणाची टेप आणि खडूचा तुकडा. इंजिन हलकं फिरावं म्हणून मी चारही प्लग काढले. साहेबांनी पुढून इंजिन फिरवायचं हँडल धरलं. बाईंनी सुईला एका ठिकाणी लाल दोरा बांधला आणि ती एक नंबरच्या प्लगच्या भोकातून हळूच आत सोडली.

“तिरकी जातेय,” मी म्हणालो.

“जाऊ दे. दोन्ही वेळा सारखीच तिरकी जाईल. आबा, सावकाश फिरवा.”

साहेबांनी मुंगीच्या चालीनं हँडल फिरवलं. आत पिस्टन वर यायला लागला, तशी सुई वर सरकू लागली. लाल दोरा भोकाच्या काठाशी आला.

“थांबा! मिस्त्री, काट्यासमोर पुलीवर खूण करा.”

मी खडूनं रेघ मारली.

“आता पुढं.”

सुई आणखी वर आली, वर आल्यावर जराशी रेंगाळली आणि मग खाली जायला लागली. पिस्टनचं हे असंच असतं. टोकाला तो इतका रेंगाळतो की नेमकं टोक कुठलं ते हाताला कळतच नाही. मी आयुष्यभर त्या रेंगाळण्यातच अंदाज बांधत आलो होतो. बाई टोक शोधतच नव्हत्या. दोरा पुन्हा काठाशी आला तेव्हा त्या म्हणाल्या, “थांबा! दुसरी खूण.”

मी दुसरी रेघ मारली.

“चढताना एवढ्याच उंचीवर होता, उतरताना एवढ्याच उंचीवर आहे. म्हणजे टोक?”

“दोन्हींच्या मधोमध,” मी म्हणालो. सातवीनंतर पहिल्यांदाच मी कुठल्या बाईंच्या प्रश्नाला उत्तर दिलं असेल.

“बरोबर.” आणि त्या हसल्या.

टेप पुलीभोवती धरून त्यांनी मध्य काढला आणि तिथं खडूचा ठिपका दिला. आम्ही तिघंही वाकून बघायला लागलो. ठिपका एकीकडं आणि जुनी खाच दुसरीकडं. मध्ये पाऊण इंचाचं अंतर. इंजिनाच्या दुनियेत पाऊण इंच म्हणजे वाई आणि पुणे. आम्ही पाचही जण इतकी वर्षं त्या गाडीला उशिरा ठिणगी देत आलो होतो, आणि वर तिलाच नावं ठेवत होतो.

साहेब मटकन पायरीवर बसले. “पाऊण इंच,” ते म्हणाले. “पाऊण इंचाची चूक मी कंत्राटदाराला कधी सोडली नसती.”

मी कानशीनं ठिपक्याच्या जागी नवी खाच पाडली. पण काम अर्धंच झालं होतं. टोक सापडलं, त्या टोकाच्या किती आधी ठिणगी पाडायची, ते अजून ठरायचं होतं.

“ते पुस्तकात असेल ना?” बाईंनी विचारलं.

“तीन गाड्यांची तीन पुस्तकं, बाई. या इंजिनाचं पुस्तक कुणी लिहिलेलंच नाही.”

“मग कसं करायचं?”

“कानानं,” मी म्हणालो. आणि हातातली कानस खाली ठेवली.

त्यांना ते दिसलं असावं. खडूचे हात पुसत त्या म्हणाल्या, “मला जेवढं येत होतं तेवढं मी केलं. पुढचं मला येत नाही, आबांना येत नाही. तुम्हाला येतं.”

रविवारी सकाळी आठला निघालो. साहेब पुढं बसले, कोट-टोपी घालून. बाई मागच्या सीटवर, मांडीवर माझी पान्यांची पिशवी. मी डिस्ट्रिब्युटरची पकड मुद्दाम हातानं हलेल इतपत सैल ठेवली होती. पसरणी गाव मागं पडलं, चढ सुरू झाला. पहिल्या मोरीवर गाडीनं असा दम धरला की मला हसू फुटलं. दुसऱ्या मोरीच्या आधी इंजिनातून आवाज यायला लागला, डब्यात वाटाणे हलवावेत तसा.

“हा कसला आवाज?” साहेब.

“ठिणगी घाई करतेय.”

मी थांबलो. साहेब सवयीनं दगड घेऊन मागं गेले. मी बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटर केसभर मागं फिरवला. पुन्हा निघालो. आता वाटाणे गेले, पण इंजिन किंचित जडावलं. तिसरीपाशी परत थांबलो, अर्धा केस पुढं. बाई मागून पाना देत होत्या, घेत होत्या. मी डोळे मिटले आणि एका हातानं ॲक्सिलरेटरची दांडी ओढून नुसतं ऐकलं. सतरा वर्षांनी. आणि एका जागी ते इंजिन असं सुरात आलं की मला कुणाला विचारावंसं वाटलं नाही. मी पकड आवळली.

चौथी मोरी आली. साहेबांचा हात दाराच्या कडीवर गेला होता. गाडी मोरीवरून गेली. हात कडीवरच. वळण घेतलं, पुढचा चढ लागला, मी दुसऱ्या गिअरवर आणली, ती गुरगुरली आणि वर निघाली.

“पाच!” साहेब ओरडले.

रस्त्यानं डोक्यावर भारे घेऊन चाललेल्या दोन बायका दचकून बाजूला झाल्या.

“सहा! सात! ही आठवी, हिचा दगड मी दोनदा उपटायला लावला होता! नऊ!”

पुढचा सगळा घाट ते मोऱ्या मोजत होते. पंधरावीनंतर बाईही मोजायला लागल्या. विसाव्या मोरीपाशी बापलेकींचं भांडण झालं, एकोणीस की वीस, आणि साहेब म्हणाले, “गणित तुझं असेल, मोऱ्या माझ्या आहेत!” मी इतका हसत होतो की वळणावर समोरून आलेल्या टेम्पोला बाजू द्यायला थोडा उशीरच झाला. त्याचा ड्रायव्हर काहीतरी बोलला. साहेबांनी त्याला टोपी काढून नमस्कार केला.

पाचगणीत बाजाराच्या तोंडाशी गाडी उभी केली. पाणी किती तापलं ते दाखवणारा काटा अर्ध्यावरच होता. साहेब उतरले, गाडीला एक पूर्ण फेरी मारली आणि हॉटेलाच्या बाकावर बसले. चहा आला. त्यांनी बशीत ओतून घेतला, फुंकर घातली आणि प्यायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही, आणि आम्हीही दुसरीकडं बघितलं नाही.

चहा झाल्यावर बाई समोरच्या हातगाडीवर स्ट्रॉबेरी बघायला गेल्या. साहेब माझ्याकडं सरकून बसले.

“हणमंतराव, एक विचारू? तुम्हाला राग तर येणार नाही?”

“बोला साहेब.”

“ही भानगड तिला दसऱ्यालाच कळली होती.”

“कुठली?”

“पुलीची. दसऱ्याच्या सुट्टीत एक दिवस मी दुपारचा उठलो तर ही गाडीपुढं उकिडवी बसलेली. सुई, टेप, वही. मला वाटलं, पेपर तपासून पोरीचं डोकं फिरलं. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही आबा, सहज. काल तुम्ही सुई बघितलीत ना? मला तेव्हा उलगडा झाला.”

मी हिशेब केला. दसरा होऊन अडीच महिने झाले होते. अडीच महिने मी दर रविवारी त्या गाडीखाली झोपत होतो.

“मग सांगितलं का नाही?”

साहेबांनी मिशीवरचा चहा पुसला. “मी ओव्हरसियर माणूस. मला रस्त्याचं कळतं. हे तिला विचारा.” ते उठले, कोट झटकला. “मी एसटीनं खाली जातो.”

“साहेब, अहो, गाडी आहे की!”

“गाडीनं वर यायचं होतं. खाली मला मोऱ्यांची पाहणी करायची आहे. एसटीतून उंचावरून नीट दिसतात.” आणि ते खरंच स्टँडच्या दिशेनं चालायला लागले. सत्तरीचा माणूस, पण चाल विशीतली.

बाई पुडा घेऊन आल्या. “आबा कुठं गेले?”

“एसटीनं.”

“एसटीनं?”

“बाई, तुम्हाला दसऱ्यालाच कळलं होतं?”

त्यांचा चेहरा एकदम लाल झाला. पुड्याचा कागद त्यांनी उलगडला, परत दुमडला.

“हो.”

“मग अडीच महिने...”

“गाडी चढली असती, तर तुम्ही रविवारी कशाला आला असता?”

बाजारात माणसांची गर्दी होती, कुठंतरी घोड्याच्या टापा वाजत होत्या.

“मग आता का सांगितलंत?” मी विचारलं.

“भंगारवाला येणार म्हटल्यावर काय करणार? गाडी गेली तरी तुम्ही जाणार, चढली तरी तुम्ही जाणार. म्हटलं, निदान आबांचं तरी होऊ दे.”

इतकं सरळ बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, “मी सातवी पास आहे.”

“माहीत आहे.”

“हाताचं ग्रीस लग्नाकार्यातसुद्धा निघत नाही.”

“बघितलंय मी.”

“गाव बोलेल. तुमच्या शाळेत बोलतील.”

“हेडबाई बोलतील,” त्या म्हणाल्या. “महिनाभर. मग परीक्षा येतात.” आणि मग, पहिल्यांदाच खाली बघत, “तुम्ही अजून काही विचारलेलं नाही. मीच बोलतेय.”

मी विचारलं. कसं विचारलं ते मात्र सांगणार नाही. आज इतक्या वर्षांनी शालन ते चारचौघांत सांगते आणि लोक हसून लोळतात. हेडबाई महिना नाही, चार महिने बोलल्या. माझ्या थोरल्या बहिणीनं वर्षभर अबोला धरला आणि पुढच्या दिवाळीला स्वतःच फराळाचा डबा घेऊन आली. साताऱ्याला रजिस्टरवर सह्या झाल्या तेव्हा साक्षीदार म्हणून साहेबांनी अशी ठसठशीत सही केली की कारकुनानं विचारलं, “हुद्दा काय लिहू?” तर म्हणाले, “मुलीचा बाप.”

पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी आम्ही पाचगणीहून निघालो तेव्हा बाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. उतार होता, इंजिन सुरात होतं, ब्रेक चांगले होते. मनात आणलं असतं तर अर्ध्या तासात वाई गाठली असती. मी गाडी पहिल्या गिअरात घातली आणि तशीच ठेवली. त्यांनी एकदा गिअरच्या दांड्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि पुड्यातली एक स्ट्रॉबेरी माझ्यापुढं धरली.

अर्ध्या घाटात मागून एसटीचा हॉर्न वाजला. मी बाजू दिली. एसटी शेजारून जाताना बघितलं तर आमच्या बाजूच्या खिडकीशी साहेब बसले होते. त्यांनी आमच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मान पूर्ण वळवून ते पलीकडच्या डोंगराकडं असे टक लावून बघत होते, जणू तो आज सकाळीच तिथं आणून ठेवला होता.